जंतू एकच, घर एकच, मग दोन भावांचा टीबी इतका वेगळा का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आशाताईंचा आहे. त्यांच्या गावात एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांना पाठोपाठ टीबी निघाला. मोठ्याला एचआयव्ही नाही. त्याला दोन-अडीच महिन्यांचा खोकला, बेडक्यातून रक्त, थुंकी पॉझिटिव्ह, एक्स-रेमध्ये फुफ्फुसाच्या वरच्या भागात खड्डा. लहान्याला एचआयव्ही आहे आणि तो आत्ताच कळला. खोकला नसल्यासारखाच, थुंकी निगेटिव्ह, एक्स-रे साफ, फक्त ताप आणि उतरत चाललेलं वजन. मेडिकल कॉलेजला भरती केल्यावर सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) फक्त ४६ निघाला आणि लघवीच्या तपासणीवरून टीबी सांगितला. टीबीच्या गोळ्यांनी ताप उतरला, पंधरा दिवसांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, सुरू झाली, आणि त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मानेला लिंबाएवढ्या गाठी आल्या, ताप परत चढला. घरचे म्हणतात, "एचआयव्हीच्या गोळ्या अंगावर आल्या, बंद करा." ताई विचारतात की दोघांत एवढा फरक कसा, गोळ्या बंद करायच्या का, आणि लहान्याची बायको (तिची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आहे) व चार वर्षांचा मुलगा यांचं काय करायचं.

ताई, गोळ्यांचं आधी सांगतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही. टीबीच्या किंवा एआरटीच्या, कुठल्याच गोळ्या घरच्या घरी बंद करू देऊ नका. त्याला उद्याच एआरटी सेंटरला न्या, दोन्ही आजारांची कार्डं आणि उरलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. धाप लागत असेल, डोकं फार दुखून उलट्या होत असतील, तो गुंगीत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर उद्याचीही वाट पाहू नका, १०८ बोलवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा बहुधा त्याची प्रतिकारशक्ती परत येत असल्याचा त्रास आहे. पण 'बहुधा' हा शब्द मी जपून वापरतोय. गोळ्या चुकल्या असतील, जंतू औषधांना दाद देत नसेल, दुसराच एखादा संसर्ग झाला असेल, तरीही असंच दिसतं. ते हाताने तपासून आणि गाठीतलं पाणी काढूनच ठरवावं लागेल.

आता फरकाचं. विदर्भाच्या ग्रामीण भागात छातीचे आजार बघता बघता माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि आशाताई, नर्सताई, समुपदेशक अशा प्रत्येकाला मी ते पहिल्या दिवशीच सांगतो. टीबीत जे डोळ्यांना दिसतं, म्हणजे खोकला, रक्त, खड्डा, गाठ, रात्रीचा घाम, त्यातलं बरंचसं जंतू करत नाही. जंतूशी भांडताना आपलंच शरीर ते करतं. ज्याच्यात भांडायची ताकद आहे त्याचा टीबी लवकर दिसून येतो. ज्याची ताकद गेली त्याचा टीबी लपून राहतो, आणि तोच जास्त लवकर जीव घेतो.

रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू १८८२ साली जगाला दाखवला. घटसर्प किंवा धनुर्वाताच्या जंतूसारखं रक्तात सोडायचं जहाल विष याच्याकडे नाही. स्वभावही संथ. हगवणीचे जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, याला एकाचे दोन व्हायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. अंगावर मेणचट कवच, त्यामुळे सहजासहजी मरतही नाही. खोकणाऱ्याच्या तोंडून उडालेले बारीक कण श्वासासोबत फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकाला, वायुकोशांत जातात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी जंतूला गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीच्या आत आम्लाच्या पिशवीत जिरून जातो. टीबीचा जंतू ती पिशवी आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. ज्या पेशीने त्याला मारायचं, तिच्याच पोटात राहून तो वाढतो.

म्हणून मॅक्रोफेजला वरून बळ मिळावं लागतं, आणि ते देते सीडी४ पेशी. दुसऱ्या काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन छातीतल्या लसिका गाठींपर्यंत जातात. तिथे सीडी४ पेशी त्या जंतूची ओळख करून घेतात, संख्येने वाढतात आणि फुफ्फुसात उतरतात. टीबीत हे सगळं उशिरा घडतं, संसर्ग झाल्यापासून दोन ते आठ आठवडे निघून जातात. उतरलेली सीडी४ पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचा पदार्थ सोडते. तो मिळाला की मॅक्रोफेज जागी होते, पोटातल्या जंतूला मारायला लागते आणि स्वतः टीएनएफ नावाचा दुसरा पदार्थ सोडून आणखी पेशी गोळा करते. सीडी८ पेशी, नैसर्गिक मारक पेशी, अँटिबॉडी यांचाही हातभार असतो, पण मुख्य भिस्त या साखळीवर.

आपल्याकडे रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून शेतावर रात्रीची जागल करतात. सीडी४ पेशीचं काम जागल करणाऱ्या माणसाचं आहे. तो डुकराशी कुस्ती खेळत नाही. तो हाळी देतो, डबा बडवतो, आजूबाजूच्या शेतांतले लोक काठ्या-बॅटऱ्या घेऊन धावतात. त्या रात्री गावात मोठा गोंगाट होतो, धावाधावीत थोडं पीकही तुडवलं जातं, पण डुकरं हटतात. जागल करणाराच नसेल तर रात्र अगदी शांत जाते. शेताचं काय झालं ते उजाडल्यावर दिसतं.

जिथे ही हाळी नीट पोचते तिथे पेशी जंतूंभोवती गोळा होऊन एक घट्ट गाठ बांधतात. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आतल्या बाजूला मॅक्रोफेज आणि त्या एकमेकींत मिसळून झालेल्या मोठ्या पेशी, बाहेर लिम्फोसाइटचा, म्हणजे सीडी४सारख्या पांढऱ्या पेशींचा वेढा, मधोमध पनीरासारखा पांढरट मेलेला भाग. जंतू आत कोंडला जातो. काही मरतात, काही वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. माणसाला काहीच होत नाही आणि त्याच्यापासून दुसऱ्यालाही होत नाही. आपल्या देशात २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. एचआयव्ही नसलेल्या अशा माणसांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी टीबीचा आजार होतो. गाठ टिकवायला टीएनएफ किती लागतो याचा पुरावा फार वेगळ्या ठिकाणाहून आला. संधिवातावर टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब नावाचं इंजेक्शन देऊ लागले, तेव्हा त्या रुग्णांत टीबी उसळू लागला. २००१ साली हे प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून ते इंजेक्शन देण्याआधी टीबीची तपासणी करायची पद्धत पडली.

आता मोठा भाऊ. त्याचा एक्स-रे खिडकीकडे धरून बघा, तुम्हालाही कळेल. उजव्या किंवा डाव्या वरच्या कोपऱ्यात, हसळीच्या हाडामागे, पांढुरक्या डागाच्या मध्ये एक काळं वर्तुळ दिसेल आणि त्याची कड जाड असेल. तो काळा भाग म्हणजे हवा. तिथलं फुफ्फुस विरघळून खोकल्यावाटे बाहेर पडलं आहे. ते विरघळवलं कोणी? जंतूने नाही. गर्दी केलेल्या पांढऱ्या पेशींनी जी पाचक द्रव्यं सोडली त्यांनी. फुफ्फुसाचे धागे तुटले, मधला मेलेला भाग पातळ झाला, श्वासनलिकेत फुटला, वाटेत एखादी रक्तवाहिनी झिजली, म्हणून बेडक्यात रक्त. खड्ड्यात हवा भरपूर असल्याने जंतू तिथे कोट्यवधींनी वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी पॉझिटिव्ह दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू तरी लागतात, आणि खड्डा असलेल्याच्या थुंकीत त्याहून कितीतरी जास्त असतात. म्हणून त्याची तपासणी चटकन लागली. आणि घरात संसर्ग पसरवण्याचा धोका दोघा भावांत मोठ्यापासूनच जास्त. संध्याकाळचा ताप आणि अंग सुकणं हेही त्याच पदार्थांचं काम. टीएनएफला पूर्वी 'कॅकेक्टिन', म्हणजे शरीर झिजवणारा पदार्थ, हेच नाव होतं.

ताई, तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मोठ्याला एचआयव्ही नाही, मग तो त्या ५-१० टक्क्यांत का आला? त्याचं वजन बघा, साखर तपासा, विडी आणि दारूचं विचारा. आपल्या भागात प्रतिकारशक्ती कमी होण्याचं सगळ्यांत मोठं कारण एचआयव्ही नाही, अर्धपोटी राहणं आहे. पोटात पुरेसं नसेल तर सीडी४ पेशी असूनही त्यांचं काम मंदावतं. झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक मोठी चाचणी झाली, २०२३ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. टीबीच्या रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांपैकी काही घरांना दर महिन्याला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. औषध एकही नव्हतं, फक्त पोटभर जेवण. मेळघाट असो की गडचिरोली, मी रुग्णाचं वजन लिहितो तेव्हा सोबत आलेल्या बायकोचं, आईचंही वजन करायला लावतो. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाले आहेत. मोठ्याच्या आणि लहान्याच्या, दोघांच्याही बँक खात्याचा तपशील भरला गेलाय की नाही ते तुम्ही स्वतः बघा. खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून हक्काचे पैसे अडकलेले मी फार पाहिलेत.

लहान्याचं दुखणं इथूनच वेगळ्या वाटेने जातं. एचआयव्हीचा विषाणू नेमक्या सीडी४ पेशींवरच बसतो. निरोगी माणसात त्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असतात. लहान्याकडे ४६ उरल्या होत्या. नुसती संख्या घटते एवढंच नाही. टीबीच्या जंतूला ओळखणाऱ्या ज्या खास सीडी४ पेशी असतात, त्या एचआयव्हीच्या तावडीत इतरांपेक्षा आधी सापडतात. त्यामुळे सीडी४चा आकडा अजून चांगला दिसत असतानाही टीबीचा धोका वाढलेला असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांवर झालेल्या अभ्यासात एचआयव्हीची लागण झाल्यावर पहिल्या वर्षातच टीबीचं प्रमाण दुप्पट झालेलं दिसलं. एआरटी नसेल तर एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबीचा धोका वर्षाला ५ ते १० टक्के. जो धोका इतरांना सगळ्या जन्मात, तो याला दर वर्षी. उलट्या बाजूनेही नुकसान होतं. टीबीमुळे पेशी चाळवल्या जातात, आणि चाळवलेल्या पेशीत एचआयव्ही जोराने वाढतो. एक आजार दुसऱ्याला खतपाणी घालतो. २०२३ साली जगात टीबीने साडेबारा लाख माणसं गेली, त्यातली १ लाख ६१ हजार एचआयव्ही असलेली होती.

सीडी४ साडेतीनशेच्या वर असेल तर एचआयव्ही असलेल्याचा टीबीही मोठ्या भावासारखाच दिसतो, वरच्या भागात, खड्ड्यासकट. दोनशेच्या खाली उतरला की चित्र बदलतं. गाठ बांधायला पेशीच नाहीत, म्हणून गाठ ढिली. मधला भाग विरघळवणारी गर्दी नाही, म्हणून खड्डा नाही. खड्डा नाही म्हणून खोकला कमी आणि थुंकीत जंतू कमी. पण कोंडून ठेवणारं कोणी नसल्याने जंतू रक्तावाटे यकृत, प्लीहा, मेंदूचं आवरण, हाडांतला मगज असं सगळीकडे पसरतात. एक्स-रेमध्ये कधी खालच्या भागात पुसट डाग दिसतो, कधी छातीत पाणी, कधी बाजरीच्या दाण्यांएवढे बारीक ठिपके सगळीकडे, आणि कधी काहीच नाही. लहान्याचा एक्स-रे साफ आला तो असा. तो साफ असण्याचा अर्थ त्याचं फुफ्फुस निरोगी असा होत नाही. डाग पाडायला जी लढाई लागते ती झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"लघवीत कसा टीबी?" असं घरच्यांनी विचारलं असेल. मला हे नेहमी विचारतात. कापूस वेचणीच्या दिवसांत वॉर्डात आलेली एक बाई आठवते. वजन ३६ किलो, बोटांना बोंडांच्या टोकांनी पडलेल्या चिरा तशाच. संध्याकाळी ताप १०२. छाती ऐकली तर दोन्हीकडे हवा छान जात होती, एक्स-रे स्वच्छ. बेडका मागितला तर नुसती लाळ. लघवीचे काही थेंब पट्टीवर टाकले आणि घड्याळ लावून बसलो, कारण ही पट्टी पंचवीस मिनिटांनी वाचायची असते. वरची रेघ आधी उठली, ती तर उठतेच. खालची हळूहळू, फिकट गुलाबी, मग स्पष्ट झाली. या पट्टीला लॅम तपासणी म्हणतात. जंतूच्या मेणचट कवचातला एक पदार्थ मूत्रपिंडातून गळून लघवीत उतरतो आणि पट्टी तो पकडते. एचआयव्ही नसलेल्या माणसात ही पट्टी सहसा लागत नाही. जेवढा सीडी४ कमी, तेवढी ती जास्त लागते, कारण तेवढे जंतू अंगभर पसरलेले असतात. बाकीच्या तपासण्या जिथे मुक्या होतात, तिथे ही बोलते. तिच्यावर त्याच संध्याकाळी उपचार सुरू झाले.

म्हणून तुमच्या हातातलं मोजमाप दोघांसाठी वेगळं हवं. एचआयव्ही नसलेल्या माणसाला आपण दोन आठवड्यांचा खोकला विचारतो. एचआयव्ही असलेल्याला दोन आठवडे थांबायचं नाही. खोकला एक दिवसाचा का असेना, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, या चारांतलं काहीही एक असलं तरी त्याची तपासणी झाली पाहिजे, आणि नुसत्या सूक्ष्मदर्शकावर भागवायचं नाही. सीबीनॅट किंवा आपल्या गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट मशीन जंतूचा गुणसूत्रीय अंश शोधतं. एका मिलिलिटरमध्ये शंभर-सव्वाशे जंतू असले तरी सीबीनॅटला ते सापडतात आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही तेही कळतं. तेही निगेटिव्ह आलं आणि माणूस खंगतच असला, तर गाठीतलं, छातीतलं, पाठीतलं पाणी तपासायचं, पोटाची सोनोग्राफी करायची. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णालयांत एचआयव्हीने गेलेल्या प्रौढांच्या शवविच्छेदनाचे अहवाल एकत्र करून पाहिले, तेव्हा जवळजवळ ४० टक्के लोकांत टीबी सापडला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांचा टीबी जिवंतपणी कोणाला कळलाच नव्हता. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून एचआयव्हीच्या पेशंटला घरी पाठवणं मला म्हणूनच सहन होत नाही.

हातावरच्या मांटू चाचणीचंही, म्हणजे टीबीच्या जंतूचा अर्क कातडीत टोचून किती फुगतं ते बघायचं, तसंच. ती जंतू मोजत नाही, सीडी४ पेशींची आठवण मोजते. म्हणून इतरांना १० मिलिमीटरची फुगवटी पॉझिटिव्ह धरतात आणि एचआयव्ही असलेल्याला ५ मिलिमीटरचीही. सीडी४ फार कमी असेल तर जंतू असूनही हात सपाट राहतो. इंटरफेरॉन गॅमा मोजणारी रक्ताची तपासणीही अशा वेळी फसते. लहान्याची मांटू निगेटिव्ह आली असती तरी तिच्यावर मी काही ठरवलं नसतं.

आता त्या गाठी. एआरटीने विषाणूचं वाढणं थांबतं आणि काही आठवड्यांत सीडी४ पेशी परत यायला लागतात. परत आलेल्या पेशींना अंगभर टीबीचे जंतू आणि मेलेल्या जंतूंचे अवशेष पडलेले दिसतात. दोन-तीन महिन्यांपूर्वी जी लढाई व्हायला हवी होती ती आता एकदम, सगळीकडे पेटते. लपलेल्या गाठी सुजून वर येतात, ताप चढतो, कधी छातीत पाणी भरतं, एक्स-रे आधी साफ होता तो बिघडतो. याला आम्ही आयरिस म्हणतो. बहुतेक वेळा एआरटीनंतर पहिल्या तीन महिन्यांत होतो, आणि ज्यांचा सीडी४ पन्नास-शंभरच्या खाली असतो त्यांना जास्त. लहाना यात चपखल बसतो. एक दुसरा प्रकारही तुम्ही ओळखून ठेवा. टीबी आहे हे कोणालाच माहीत नसतं, एआरटी सुरू होते आणि महिनाभरात टीबी धडधडीत बाहेर येतो. तेव्हाही गावात बोलतात की गोळीने टीबी झाला. टीबी आधीच होता, गोळीने तो उघडा पाडला.

उपचार बहुधा सोपा असतो. साध्या त्रासाला सूज उतरवणाऱ्या गोळ्या पुरतात, गाठीत पू झाला तर सुईने काढतात. जास्त त्रासाला स्टिरॉइड काही आठवडे देऊन हळूहळू कमी करतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीत सीडी४ शंभरच्या आत असलेल्यांना एआरटीच्या सुरुवातीपासूनच चार आठवडे प्रेडनिसोन हे स्टिरॉइड दिलं, तर आयरिसचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. स्टिरॉइड मेडिकल दुकानातून आणून द्यायचं औषध नाही. औषधाला दाद न देणारा टीबी असेल तर ते घातक ठरतं. प्रतिकारशक्ती वेगळी असली की एकाच औषधाचा गुणही वेगळा येतो. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिल्याने मृत्यू कमी होतात हे व्हिएतनाममध्ये २००४ साली दिसलं. पण एचआयव्ही असलेल्या रुग्णांवर तेच पुन्हा तपासलं, तेव्हा २०२३ साली आलेल्या निष्कर्षात तसा स्पष्ट फायदा दिसला नाही.

मग एवढा त्रास होतो तर एआरटी सहा महिने थांबवून, टीबी बरा झाल्यावरच का देऊ नये? हाच विचार पूर्वी बरेच डॉक्टर करायचे. २०११ साली कंबोडिया, दक्षिण आफ्रिका आणि इतर देशांतल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. सीडी४ पन्नासच्या खाली असलेल्यांना दोन आठवड्यांत एआरटी दिली, तर आयरिस जास्त झाला, पण माणसं जास्त जगली. म्हणून आता टीबीच्या गोळ्या आधी आणि दोन आठवड्यांच्या आत एआरटी. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तेव्हाच चार ते आठ आठवडे थांबतात, कारण कवटीच्या आत सूज आली तर तिला फुगायला जागा नाही. लहान्याला गोळ्या ज्या वेळी सुरू केल्या, ती वेळ बरोबर होती हे घरच्यांना नक्की सांगा.

त्याच्या पाकिटांत एक गोष्ट तपासा. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की एआरटीतलं डोल्युटेग्राविर लवकर शरीराबाहेर जातं. म्हणून टीबीचा उपचार चालू असेपर्यंत आणि त्यानंतर दोन आठवडे, रोजच्या एआरटीच्या एका गोळीखेरीज बारा तासांनी डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी घ्यायची असते. ही दुसरी गोळी घेतली जात नाही असं मला वारंवार आढळतं. रात्रीची गोळी कोणती, हे त्याला स्वतःला बोट ठेवून दाखवायला सांगा.

बायको आणि मुलाकडे येतो. मोठ्याची थुंकी पॉझिटिव्ह असल्याने घरातल्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी. बायकोला लक्षणं नसतील आणि एक्स-रे ठीक असेल तर तिला प्रतिबंधक उपचार मिळतो, रोजची आयसोनियाझिडची गोळी सहा महिने, किंवा सोय असेल तिथे आयसोनियाझिड-रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. नवऱ्याचा एचआयव्ही नुकताच कळलाय, म्हणून तिची एचआयव्ही तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा. तोवर, आणि त्याचा विषाणू रक्तात मोजता न येण्याइतका खाली जाईपर्यंत, कंडोम न चुकता. सहा महिन्यांनी व्हायरल लोड होईल. तो दबलेला निघाला आणि दबलेलाच राहिला, तर त्याच्याकडून बायकोला लागण होत नाही, हेही तिला सांगा. ते ऐकून बाईच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो औषधाइतकाच मोलाचा आहे. आणि घराबाहेर हा विषय काढू नका. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने त्याची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आपल्या सगळ्यांवर आहे. गावात टीबी एवढंच पुरे.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांत गाठ बांधायची ताकद अजून तयार होत असते, त्यामुळे त्यांचा टीबी मेंदूच्या आवरणात आणि अंगभर पसरायला वेळ लावत नाही. जन्मल्यावर दिलेली बीसीजी याच भयंकर प्रकारांपासून बऱ्यापैकी वाचवते. मोठेपणीच्या फुफ्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा नाही, हे तामिळनाडूत चिंगलपेटला १९६८ पासून चाललेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं आहे. म्हणून बीसीजीचा व्रण दंडावर दिसतो म्हणून निश्चिंत होऊ नका. मुलाला ताप, खोकला, खेळण्यातली मरगळ, वजन न वाढणं यातलं काही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे, कारण टीबी असताना एकटी आयसोनियाझिड देणं धोक्याचं आहे. काही नसेल तर पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मांटूसाठी थांबवायचं नसतं, प्रतिबंधक उपचार लगेच सुरू होतो. त्याचा डोस किलोवर ठरतो, तेव्हा अंगणवाडीच्या काट्यावर या आठवड्याचं वजन घ्या आणि तो आकडा तुमच्या तालुक्याच्या टीबी पर्यवेक्षकांना कळवा. मागच्या महिन्यांची वजनंही तिथल्या वहीत असतील, तीही सोबत द्या.